दप्तरातला पंप आणि कपाटाची किल्ली

आक्कानं सांगलीहून भाच्याच्या शाळेच्या सूचनेचा फोटो पाठवला. तीनच ओळी. विद्यार्थ्यांनी कोणतेही औषध दप्तरात आणू नये, शाळेत कोणतेही औषध दिले जाणार नाही, आजारी पाल्यास घरीच ठेवावे. खाली शिक्का आणि सही. ही सूचना कशावरनं निघाली ते मला आधीच माहीत होतं, कारण निमित्त आमचंच. भाचा पाचवीत आहे, त्याला दमा आहे, आणि डिसेंबरात पीटीच्या तासाला खो-खो खेळताना त्याला धाप लागली. तेव्हा नियम असा होता की औषधं ऑफिसात जमा करायची, म्हणून त्याचा पंप, म्हणजे दम्याचा इन्हेलर, ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क गेलेला बँकेत. मग काय, सरांनी रिक्षा बोलावली, दवाखाना, नेब्युलायझर. तासाभरात पोरगं बेडवर बसून पार्ले-जी खात होतं, पण आक्काचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्यावर शाळेनं शोधलेला उपाय म्हणजे ही सूचना. किल्ली सापडली नाही म्हणून कपाटच काढून टाकलं.

आता पालकांचे दोन गट पडलेत. एक म्हणतो शाळा एवढी फी घेते तर नर्स ठेवा, दुसरा म्हणतो आजारी पोरं शाळेत पाठवताच कशाला. आक्का मला म्हणाली, तुमच्याकडं काय करतात रे? म्हणून हे लिहायला बसलो. नऊ वर्षं झाली इंग्लंडात, रेडिंगला राहतो, पोरगी दुसरीत आहे आणि तिलाही मामाकडनं की आत्याकडनं देव जाणे पण तोच दमा आलाय.

पहिली गंमत माझीच सांगतो. पोरगी शाळेत जायला लागली त्याच वर्षी तिला जरा कणकण होती, मी आपल्या सवयीनं क्रोसिनची अर्धी गोळी कागदात गुंडाळून डब्याच्या कप्प्यात ठेवली आणि तिला सांगितलं, दुपारी बाईंकडनं पाणी घेऊन खा. अकरा वाजता ऑफिसातनं फोन. बाई गोड बोलत होत्या पण आवाजात असं काही होतं की जणू मी डब्यात सुतळी बॉम्ब ठेवलाय. नियम असा की औषध मूळ पाकिटात हवं, त्यावर मुलाचं नाव आणि डोस हवा, पालकाची लेखी परवानगी हवी, आणि ॲस्पिरिन तर सोळाच्या आत डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय नाहीच. मी जाऊन गोळी परत आणली. तेव्हा वैताग आला होता, एका अर्ध्या गोळीसाठी दोन पानी फॉर्म.

पण त्याच फॉर्मनं पुढं काम केलं. तिचा निळा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, वर्गातच असतो, बाईंच्या टेबलामागं एका प्लास्टिकच्या डब्यात, डब्यावर तिचा फोटो. कुलूप नाही. इथल्या सरकारी मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की इन्हेलर, रक्तातली साखर तपासायचं मशीन, ॲलर्जीची पेन (जोराची ॲलर्जी आली तर टोचायचं इंजेक्शन) ही मुलाच्या हाताशी असली पाहिजेत, कुलपात नाही. कुलपात ठेवायची औषधं वेगळी. सहलीला गेले तर तो डबा आधी बसमध्ये चढतो. घरी येताना कधी एक चिठ्ठी येते, ११:४० ला २ पफ दिले, नंतर बरी होती, खाली सही. एवढंच. पण ती चिठ्ठी हातात पडली की मी रात्री नीट झोपतो.

आणि हे काय इथं व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून नव्हतं बरं का. शाळेनं आजारी मुलांची सोय केलीच पाहिजे हा कायदा २०१४ चा. शाळेला स्वतःचा एक जादा पंप केमिस्टकडनं घेऊन ठेवायची मुभा मिळाली तीही १ ऑक्टोबर २०१४ पासून, त्याआधी ते बेकायदा होतं, कारण पंप हे प्रिस्क्रिप्शनचं औषध. ॲलर्जीच्या इंजेक्शनची मुभा तर २०१७ ला. तो जादा पंपसुद्धा ज्या मुलाला दमा आहे आणि ज्याच्या आईबापानं सही दिली आहे त्यालाच. शिवाय शिक्षकाला विनंती करता येते, जबरदस्ती नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडची भांडणं इथंच अडकतात.

माझा वर्गमित्र तासगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर गुरुजी आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे बाबा, मी पंप मारला आणि पोराला काय झालं तर पेपरात फोटो माझा येणार, तुझा न्हाई." बरोबर आहे त्याचं. पण मी म्हटलं, १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो तेव्हा तूच अल्बेंडाझोल वाटतोस की नाही? ४०० मिलिग्रॅमची गोळी, अख्खा वर्ग समोर बसवून चावायला लावतोस. दर आठवड्याला लोहाची गोळी, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी, ती कोण देतं? तर म्हणाला, "ते जीआर आहे की वरनं." झालं ना मग. म्हणजे गुरुजींना औषध द्यायची भीती नाही, कागदाशिवाय द्यायची भीती आहे. जो कागद साठ पोरांना एकदम गोळी देताना पाठीशी उभा राहतो तो एका पोराला दोन पफ देताना नसतो, एवढाच फरक.

म्हणून नर्स ठेवा ही मागणी मला पटत नाही. माझ्या पोरीच्या शाळेतही रोजची नर्स नाही, पंप देतात त्या वर्गाच्या मदतनीस बाई, ज्यांचं दोन तासाचं ट्रेनिंग झालंय. आणि आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, गाडी येते, डॉक्टर सरकारी शाळेतली पोरं तपासतात, जन्मजात हृदयाच्या दोषापासून दातापर्यंत तीस गोष्टी बघतात, त्या तिसांत दमाही आहे आणि फिटही आहे. शोधायचं काम होतं हो. पण गाडी गेल्यावर उरलेले दिवस त्या पोराचं वर्गात काय करायचं, हे कुणी लिहून ठेवत नाही. मग फिट आली की नाकाला कांदा, चप्पल. आमच्या वर्गात एकाला यायची, दरवेळी कुणाची चप्पल न्यायची यावर पोरांत चढाओढ.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. शाळेला शिव्या घालणाऱ्या पालकांपैकी किती जणांनी प्रवेशाच्या फॉर्मवर दमा लिहिला होता? आक्कानं नव्हता लिहिला. "काही आजार असल्यास" समोर तिनं ठसठशीत "नाही" लिहिलंय, मीच तिला विचारून कबूल करवून घेतलं. कारण आमच्या घरात पंप म्हणजे शेवटची पायरी. पंप लागला की सुटत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि मुलगी असेल तर अजूनच बोलायला नको, पुढं लग्नात कोण काय काढेल. गोळी चालते, पंप नको. मिरजेच्या डॉक्टरांनी आक्काला कागदावर आकडे लिहून दाखवले, पंपाच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि तेच औषध गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे लहान गोळी एकदा गिळली की वीस पफाएवढं औषध पोटात, आणि तेही छातीत थेट न जाता अंगभर फिरून. तरी आमच्याकडं गोळी सोवळी आणि पंप ओवळा. त्यात कारखान्यांचा हंगाम, उसाच्या फडाला लावलेली आग, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी, नोव्हेंबर ते मार्च पोरांच्या छात्या वाजत असतात आणि नेमकी तेव्हाच क्रीडा स्पर्धांची तयारी.

इकडचं सगळं गोडच आहे असं समजू नका. उलटी झाली की ४८ तास शाळा बंद, मग पोरगी घरात टणाटण उड्या मारत असते आणि मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसतो. न्यायला या असा फोन आला की इथं ना आजी ना शेजारच्या काकू, मीच लॅपटॉप बंद करून पळतो. सांगलीत भाच्यासाठी रिक्षाबरोबर दहा मिनिटांत तीन माणसं पोचली होती. आणि एक सांगू का, ४८ तास वगैरे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. कांजिण्या आल्या की ती दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायची, पोर बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. आता तीच घरं ताप उतरवायची गोळी देऊन पोरगं शाळेत धाडतात, कारण वर्षाअखेर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. ते बक्षीस इथंही आहे, आमच्या पोरीला नाही मिळत म्हणून ती रडते.

तर मी आक्कासाठी मराठीत एक पान टाइप केलं. वर भाच्याचा फोटो. दम लागला तर काय दिसतं, पंप कुठं आहे (दप्तराच्या पुढच्या कप्प्यात), स्पेसर लावून किती पफ, दहा पफांनी उतार नाही पडला तर १०८ ला फोन, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, घरचे तीन नंबर. तळाशी, वर लिहिल्याप्रमाणे औषध दिल्यास शिक्षकांना जबाबदार धरणार नाही, आईबापाची सही, आणि शेजारी डॉक्टरांची सही. आक्का ते घेऊन मुख्याध्यापकांकडं गेली. त्यांनी दोनदा वाचलं, झेरॉक्स काढून ठेवली आणि म्हणाले, संस्थेला विचारतो. तोवर पंप दप्तरात राहू दे, मी बघितला नाही असं समजतो.

रात्री आईनं ते पान वाचलं. चष्मा काढून ठेवला आणि फोनवर मला म्हणाली, "सगळं चांगलं लिव्हलंयस. तेवढा पंप शब्द काढ, नुसतं औषध लिही. शिपायापासनं सगळ्यांना दिसंल." मी काही बोलायच्या आत मागनं आक्काचा आवाज आला, "न्हाई काढायचा. झेरॉक्स गेली पण आई."