चिंगीला ‘दात साफ करणारं’ खाणं आम्ही का दिलं नाही

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरच्या आमच्या दुकानात तुम्ही मांजरीसाठी दात साफ करणारं कोरडं खाणं आणि हिरड्यांना लावायचं जेल मागितलं. खाणं समोर मांडलेलं असूनही आम्ही दिलं नाही, वर ओल्या खाण्याचे महागडे पाउच गळ्यात मारले आणि ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ म्हणून वाटेला लावलं. डॉक्टरांशी आमचं साटंलोटं असणार, असंही तुमचं म्हणणं आहे. शिवाय आजीच्या पंचवटीतल्या वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर वाढली, त्यांचे दात कधी कुणी बघितले नाहीत, मग आताच ही थेरं कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमचा राग समजतो. भर उन्हात आलात, हवी ती वस्तू डोळ्यांसमोर होती आणि ती न घेताच परत जावं लागलं. पण आजही तुम्ही चिंगीसाठी तेच पाकीट मागितलंत तरी मी देणार नाही. का, ते इथेच सांगतो, कारण मांजर पाळणारे इतरही लोक हे वाचतील.

तुम्ही काउंटरवर मोबाइलमध्ये एक व्हिडिओ दाखवलात. ‘बघा कसे नखरे करते’ असं म्हणत होतात. त्यात चिंगी धावत वाटीपाशी येते, म्हणजे भूक आहे. वास घेते, एक दाणा उचलते, मान डावीकडे वाकडी करते, चावायला जाते आणि दाणा तोंडातून खाली पडतो. मग ती पुढच्या पंजाने गालावर दोनदा मारते आणि वाटीवरच फिसकारून मागे सरते. खालचा जबडा क्षणभर थरथरतो. तो व्हिडिओ मी तुमच्याकडून पुन्हा मागून बघितला, आठवत असेल. ताई, हे नखरे नाहीत. नखरेल मांजर वास घेऊन सरळ निघून जाते. भुकेली येऊन, चावून, दचकून मागे फिरणाऱ्या मांजरीच्या तोंडात दुखत असतं. तोंडाला वास येतो आणि हनुवटीखालची लव ओली असते, हेही तुम्हीच सांगितलंत.

आता त्या खाण्याबद्दल. दातांसाठी म्हणून जे कोरडं खाणं मिळतं त्यातलं चांगलं खाणं खरंच उपयोगी असतं. त्याचा दाणा मोठा आणि तंतुमय असतो, चावल्यावर लगेच फुटत नाही, दात आत रुततो आणि त्याची कड पुसली जाते. व्हेटरिनरी ओरल हेल्थ काउन्सिल नावाची अमेरिकेतली संस्था अशा मालाच्या चाचण्यांची माहिती तपासून मान्यतेची खूण देते, ती पाकिटावर बघून घ्यावी. पण हे खाणं निरोगी तोंडासाठी आहे. दातावर चढलेलं दगडासारखं कीटण त्याने निघत नाही, हिरडीच्या आत गेलेली घाण तर मुळीच नाही. आणि दुखऱ्या दाढेखाली मोठा कडक दाणा द्यायचा म्हणजे त्या जिवाचे हाल करायचे. साधं कोरडं खाणं दात घासतं हा समज तर सगळीकडे पसरलाय. मांजराचा जबडा वर-खाली कात्रीसारखा चालतो, आपल्यासारखा आडवा दळत नाही. साधा दाणा एक तर कडकन फुटतो, नाही तर अख्खा गिळला जातो. दाताला घासायला तो तिथे थांबतच नाही.

मांजरांमध्ये एक दुखणं फार आढळतं आणि फार उशिरा लक्षात येतं. शरीर स्वतःचाच दात आतून विरघळवायला लागतं. हे का होतं याचं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. ते बहुतेक वेळा सुरू होतं खालच्या जबड्यात, सुळ्यामागच्या पहिल्या दाढेपासून. वरून पाहिलं तर दाढेच्या बुडाशी हिरडीचा लाल ठिपका चढल्यासारखा दिसतो. कधी काहीच दिसत नाही आणि एक्स-रेमध्ये मूळ खाल्लेलं निघतं. त्यावर जेल नाही, पावडर नाही, घासणं नाही. तो दात काढावाच लागतो. चिंगीला हेच आहे असं मी म्हणत नाही. हिरड्यांची सूज असेल, नुसतं कीटण असेल, तोंडभर आलेला दाह असेल. दुकानाच्या काउंटरवरून ते सांगता येत नाही, आणि जे मला सांगता येत नाही त्यावर मी औषध विकत नाही.

जेलचंही तसंच. ‘नाही तर मेडिकलमधून माणसांचं आणते’ असं तुम्ही जाता जाता म्हणालात, तेव्हापासून मला काळजी लागून राहिलीय. कृपा करून आणू नका. माणसांच्या तोंडाला लावायच्या जेलमध्ये सॅलिसिलेट किंवा बधिर करणारी औषधं असतात, ती मांजरांना विषारी ठरतात. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको. एका गोळीने मांजर दगावू शकते. मांजराच्या लिव्हरला ते औषध पचवून बाहेर टाकता येत नाही.

पाउचचं म्हणाल तर ते दातांचा उपाय म्हणून दिलेच नव्हते. चिंगी दोन दिवस जेमतेम खातेय असं तुम्ही सांगितलंत. मांजर, त्यातही अंगाने भरलेली, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि जिवावर बेतू शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. म्हणून न चावता चाटून खाता येईल असं काही तरी तिच्या पोटात जावं, एवढाच हेतू होता. घरात सामिष शिजत नाही हेही तुम्ही बोलला होतात. पाउच फोडून ताटलीत ओतला की झालं, थोडं कोमट पाणी मिसळलं की वासही चांगला सुटतो. मे महिन्यात तासाभराने उरलेलं मात्र टाकून द्यायचं.

ओल्या खाण्याने दात किडतात, म्हणून कोरडंच बरं, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलंय. वर सांगितलं तसं, साध्या कोरड्याने दातांचं काही भलं होत नाही. उलट पाउचमध्ये साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यात १० टक्क्यांच्या आसपास. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, तहान कमी, पाणी भक्ष्यातूनच मिळवायचे. म्हणून मी दोन्ही मिसळून द्यायला सांगतो. चार किलोच्या घरातल्या मांजरीला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी पुरतात. म्हणजे ८० ग्रॅमचा एक पाउच आणि ३०-३५ ग्रॅम कोरडं, यात दिवस भागतो. रोज तीन-चार पाउच लागतात असं नाही आणि तसं मी सांगितलंही नव्हतं. बोका पाळणाऱ्यांनी पाण्याकडे जास्तच लक्ष द्यावं. लघवीला बसून जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता आजीच्या वाड्याबद्दल. पंचवटीतले आणि इकडे रविवार कारंजाजवळचे वाडे मीही बघितलेत. माळे, धान्याची पोती, पागोळ्यांखालची अडगळ. तिथली मांजर दूध-पोळीवर जगत नव्हती, दूध-पोळी वरखर्चाची होती. तिचं खरं जेवण उंदीर, पाली, चिमण्या. उंदरात मांस आहे, हाडांतलं कॅल्शियम आहे, पाणी आहे आणि टॉरिन आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चिंगीला उंदीर कुठून मिळणार? तिला वाटीत जे पडेल तेच.

टॉरिनची गोष्ट प्रत्येक मांजरवाल्याने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. हा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा बनत नाही, तो मांसातूनच मिळतो. कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं, हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बाजारातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांनासुद्धा टॉरिन कमी पडून हा हृदयविकार होतोय. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात त्याचं प्रमाण वाढवलं. दूध-पोळीत, वरण-भातात ते पुरेसं नसतंच. कुत्र्याच्या खाण्यातही मांजराला पुरेल इतकं असेल याची खात्री नाही, म्हणून घरात दोन्ही प्राणी असतील तर वाट्या वेगळ्या ठेवाव्यात. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. मांजर आवडीने पिते हे खरं, पण आवडणं आणि मानवणं यात फरक आहे.

याच्या उलट टोकाचे लोकही येतात. नुसतं उकडलेलं चिकन, नाही तर रोज कलेजी. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी, त्यावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं पिचतात. रोजच्या कलेजीने अ जीवनसत्त्व अंगात साठून मणके आखडतात. काही कच्च्या माशांमुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. घरचं बिनमिठाचं उकडलेलं चिकन जरूर द्या, पण रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतच, आणि कांदा-लसणाच्या रश्श्यातलं कधीच नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पाकीट घेताना त्यावर ‘कम्प्लीट’ (पूर्ण आहार) लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’ (नुसतं जोडीला द्यायचं), तेवढं बघा. चाटायच्या क्रीमच्या नळ्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, त्यावर पोट भरायचं नसतं.

सुटं खाणं आम्ही ठेवत नाही, याचीही तुमची तक्रार आहे. उघड्या पोत्यातल्या दाण्यांवरची चरबी नाशिकच्या उन्हाळ्यात खवट होते, पावसाळ्यात ओल धरते, आणि कुठल्या तारखेचा माल ते कुणालाच सांगता येत नाही. ते ठेवणार नाही.

साटंलोटं म्हणालात ते मनाला लागलं. मी तुम्हाला कुठल्याही डॉक्टरांचं नाव सांगितलं नव्हतं, आताही सांगत नाही. तुमचा विश्वास असेल त्या पशुवैद्याकडे जा. फक्त जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा: मांजराच्या दातांचा एक्स-रे काढायची सोय आहे का, आणि दात साफ करायचे झाले तर पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून करतात का. भूल न देता वरवर खरवडून देणारे कमी पैशांत करतात, पण खरी घाण हिरडीच्या आत असते, तिथवर जागं मांजर कुणालाही जाऊ देत नाही. भुलेची भीती वाटत असेल तर आधी रक्त तपासून घ्या, किडनी-लिव्हरचा अंदाज येतो. आणि दात काढावे लागले तरी घाबरू नका. मांजराला ३० दात असतात, पण घरचं वाटीतलं खाणं बरेचसे दात गेले तरी ती व्यवस्थित खाते. दुखणारा दात गेल्यावर तर जास्तच खाते.

घासणं त्यानंतर, तोंड पूर्ण बरं झाल्यावर. मांजरांची चिकन चवीची पेस्ट मिळते. सुरुवातीचे काही दिवस ती नुसती बोटावरून चाटू द्या. मग बोटाला स्वच्छ सुती कापड गुंडाळून ओठाचा कोपरा हलकेच वर करा आणि वरच्या मोठ्या दाढेवरून बाहेरच्या बाजूने फिरवा, कारण कीटण तिथेच सर्वांत जास्त साठतं. आतली बाजू करायची गरज नाही, तोंड उघडायचीही नाही. अर्धा मिनिट पुरे. पण रोज, कारण दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो. आपली टूथपेस्ट वापरू नका, ती मांजर गिळते आणि त्यातला फ्लोराइड व फेस तिला बाधतो.

पाउच न उघडलेले राहिले असतील तर बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. डॉक्टरांनी तपासून ‘तोंड ठीक आहे’ असं लिहून दिलं तर तुम्ही मागितलेलं ते पाकीटही देतो, त्यातलं एक छोटं आधी घेऊन बघा. आज फक्त एवढं करा: चिंगीने काल संध्याकाळपासून नीट खाल्लं नसेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तो व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात मांजर घाबरून काही खात नाही, त्यामुळे डॉक्टरांना तो फार उपयोगी पडेल.