जिम स्टाइन्सचे ते पंधरा मीटर आता पुरे झाले

सप्टेंबर आला की मेलबर्नमध्ये फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, फायनल्सचं (मोसमाअखेरच्या बाद फेरीचं) वारं सुटतं आणि ती क्लिप पुन्हा फिरायला लागते. १९८७, वेव्हर्ली पार्क, सामना संपल्याचा भोंगा, आणि एक उंच, हडकुळा आयरिश पोरगा नको तिथून धावत जातोय. खाली ठरलेल्या कॉमेंट्स: बघा, एवढी मोठी चूक केली तरी खचला नाही, चार वर्षांत सर्वोत्तम खेळाडू झाला. पुढे जोडलेले हात आणि एक आगीचा इमोजी. आता तर आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही ती गोष्ट मराठीत यायला लागली आहे, ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असा मथळा लावून.

मला या मांडणीचा वैताग आलाय. जिम स्टाइन्स हा अतिशय उत्तम फुटबॉलपटू होता आणि त्याचा खेळ या गोष्टीखाली पार गाडला गेलाय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी आधी थोडं खेळाबद्दल. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, इथल्या बोलीत फुटी, क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर चालतो. एका बाजूला १८ जण, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. कुणी मारलेला चेंडू टप्पा न पडता हवेत झेलला की त्याला ‘मार्क’ म्हणतात. झेलणाऱ्याला मग निवांत किक मारता येते आणि समोरच्यानं ठरलेल्या जागेवर उभं राहायचं असतं. फ्री किकलाही तेच. त्या दोघांच्या मधून तिसऱ्यानं पळत जायचं नाही. एवढा एक नियम लक्षात ठेवा.

स्टाइन्स डब्लिनचा, १९६६चा जन्म. तिथे तो गेलिक फुटबॉल खेळायचा. गोल चेंडू, पंधरा जणांचा संघ, आणि पैसे शून्य, कारण तो खेळ हौशीच. १९८४ साली डब्लिनच्या मायनर (कुमार वयोगटाच्या) संघानं ऑल-आयर्लंड किताब जिंकला, त्यात हा होता. त्याच सुमारास मेलबर्न क्लबनं आयर्लंडमधून पोरं आणायचा प्रयोग सुरू केला होता. रॉन बरॅसी या दिग्गज प्रशिक्षकाच्या काळातली ही कल्पना. जाहिरात दिली, चाचण्या घेतल्या आणि अठरा वर्षांचा जिम विमानात बसला.

पहिली दोन वर्षं कुणी फारशी सांगत नाही. गोष्टीत बसत नाहीत ना! एकोणीस वर्षांखालच्या संघात धडपड, मग १९८६ला प्रॅरॅनला खालच्या लीगमध्ये रवानगी. लंबगोल चेंडू हातातून पायावर नेमका कसा सोडायचा, इथपासून सगळं नव्यानं शिकायचं होतं. इथली पोरं हे शाळेत जायच्या आधीच शिकलेली असतात. कबड्डीत नाव काढलेल्या गड्याला विसाव्या वर्षी खो-खोच्या राष्ट्रीय संघात उतरवण्यासारखं झालं हे. दम आहे, चपळाई आहे, पण घाईच्या क्षणी पाय जुन्याच खेळाचं ऐकतात.

आणि पायांनी तसंच केलं. १९८७ साली तो पहिल्या संघात आला. मेलबर्न क्लबनं १९६४ला विजेतेपद मिळवलं होतं आणि त्यानंतर तब्बल २३ वर्षं फायनल्सचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ते शेवटच्या क्षणी फायनल्समध्ये शिरले, आधी नॉर्थ मेलबर्नला आणि मग सिडनीला मोठ्या फरकानं लोळवलं आणि हॉथॉर्नविरुद्ध प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे उपांत्य सामन्याला, उभे राहिले. जिंकले तर ग्रँड फायनल. शेवटच्या सेकंदांना मेलबर्न ४ गुणांनी पुढे होतं. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोल बराच लांब होता, तिथून जमणं कठीणच. तेवढ्यात स्टाइन्स आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत त्या निषिद्ध जागेतून गेला. पंचांनी बकेनाराला १५ मीटर पुढे आणलं. भोंगा वाजून गेला होता, तरी किक मारायची बाकी होती. त्यानं ती खांबांच्या बरोब्बर मधून घातली. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८.

त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा शिरला. प्रशिक्षक जॉन नॉर्थी या एकवीस वर्षांच्या पोराच्या तोंडासमोर बोट नाचवत त्याला झापतोय आणि जिम मान खाली घालून ऐकतोय. सगळ्या देशानं ते पाहिलं. क्लबचा लाडका रॉबी फ्लॉवर त्या दिवशी शेवटचा खेळला. २७२ सामन्यांची कारकीर्द, आणि ग्रँड फायनल एकही नाही. त्याच्या चाहत्यांना किती लागलं असेल याची कल्पना करा. चूक लहान होती असं मी म्हणतच नाहीये.

माझं म्हणणं वेगळंच आहे. ‘त्या चुकीनं स्टाइन्स घडला’ हे गणितातच बसत नाही. लागोपाठ २४४ सामने खेळण्याचा जो त्याचा प्रचंड विक्रम, तो १९८७च्याच मोसमात सुरू झाला होता. म्हणजे ती प्रिलिमिनरी फायनल त्या साखळीतलाच एक सामना! चूक झाली, मग माणूस जिद्दीला पेटला आणि मग दर शनिवारी हजर राहू लागला, असं काही घडलेलं नाही. तो आधीपासूनच हजर होता. पुढच्या वर्षीही हजर होता. १९८८ला मेलबर्न खरोखर ग्रँड फायनलला पोचलं आणि त्याच हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हरलं. ही क्लिप कुणी फिरवत नाही, कारण ९६ गुणांच्या पराभवातून सुविचार निघत नाही.

आता खेळाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे.

स्टाइन्स रकमन होता. पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवतो तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन सर्वांत उंच गडी उडी मारून एकमेकांवर आदळतात आणि चेंडू थापटून आपल्या खेळाडूकडे ढकलतात. सामन्यात हे कितीतरी वेळा. गुडघे, मांड्या, बरगड्या, सगळ्यांची वाट लागते. त्या काळचे रकमन बहुतेक धिप्पाड आणि जडशीळ असायचे. थापट मारायची, धापा टाकायच्या, पुढच्या थापटीच्या जागी चालत जायचं. स्टाइन्स १९९ सेंटिमीटर उंच, पण पळायचा मधल्या फळीतल्या चपळ गड्यासारखा. गेलिक फुटबॉलनं दिलेला दम तो हाच. थापट मारून झाली की हा बचावात जाऊन मार्क घ्यायचा आणि तिथून निघून थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला पुन्हा चेंडूखाली दिसायचा. प्रतिस्पर्धी रकमनपुढे प्रश्न पडायचा, याच्यामागे पळू की दम राखून ठेवू? चारपैकी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचं उत्तर पायांनीच दिलेलं असायचं.

१९९१ला त्याला ब्राउनलो मेडल मिळालं, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. प्रत्येक सामन्यानंतर पंच सर्वोत्तम तिघांना ३, २, १ अशी मतं देतात आणि मोसमाअखेर बेरीज होते. मत देणारे पंच हे लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेल्या खेळाडूला हे मेडल त्याआधी कधी मिळालं नव्हतं. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तो चारदा ठरला, १९९१ला आणि मग १९९५, १९९६, १९९७ असा सलग तीनदा. शेवटच्या तीन वेळी तो तिशीच्या आसपास होता. रकमनचं शरीर त्या वयात कुरकुरायला लागतं. याचं फॉर्मात होतं. १९९६लाच त्यानं रिचमंडच्या जॅक टायटसचा लागोपाठ २०२ सामन्यांचा जुना विक्रमही मागे टाकला.

इथे मला एक न रुचणारी गोष्टही सांगायला हवी. १९९३ला संघातल्याच एका सहकाऱ्याशी धडक होऊन स्टाइन्सच्या बरगड्यांजवळ जबर दुखापत झाली. कित्येक आठवडे बाहेर बसायचं प्रकरण होतं. हा पुढच्या आठवड्यात छातीला संरक्षक जाकीट बांधून मैदानात! हा किस्सा इथे अजून डोळे विस्फारून सांगतात. मला तो ऐकताना अंगावर काटा येतो, पण कौतुकाचा नाही. तेव्हाच्या क्लबनं त्याला खेळू कसं दिलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आज नुसत्या डोक्याच्या माराबद्दल एएफएलचा, म्हणजे फुटीच्या मुख्य लीगचा, नियम आहे की कन्कशन (मेंदूला धक्का) झालं तर किमान १२ दिवस सामना नाही, खेळाडू कितीही गयावया करो. चांगला नियम आहे. २४४ला मी सलाम करतो, पण त्यातला हा एक सामना झाला नसता आणि साखळी तिथेच तुटली असती तरी माझ्या मनात माणूस तसूभरही लहान झाला नसता. (आपल्याकडे ताप अंगावर काढून ऑफिसला येणाऱ्याची टाळ्या वाजवून दखल घेतात, त्यांनीही जरा विचार करावा.)

शेवटी १९९८ला हात मोडला आणि साखळी तुटली. त्याच मोसमात तो परत आला, संघ पुन्हा प्रिलिमिनरी फायनलपर्यंत गेला, नॉर्थ मेलबर्नकडून हरला, आणि जिमनं बूट काढले. एकूण २६४ सामने. विजेतेपद एकही नाही.

पुढचं बरंच लोकांना माहीत आहे. खेळत असतानाच १९९४ला त्यानं तरुण मुलांसाठी रीच ही संस्था सुरू केली होती. २००८ला कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला आणि कर्ज फेडून दाखवलं. २००९ला कॅन्सर निघाला, मार्च २०१२ला गेला. वय अवघं ४५. त्या कामाबद्दल आदर आहेच, पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. सर्वाधिक सामने खेळलेला आयरिश खेळाडू हा मान २०२३ला झॅक टुओहीकडे गेला. लागोपाठ सामन्यांचा विक्रम २०२५ला कॉलिंगवुडच्या जॅक क्रिस्पनं मोडला. दोघंही गुणी, विक्रम मोडायचेच असतात, तक्रार नाही. पण यादीतलं वरचं नाव गेलं की माणसं आकडे विसरतात आणि क्लिप तेवढी उरते. नव्या पिढीतल्या माझ्या ऑफिसमधल्या पोरांना स्टाइन्स म्हणजे ‘तो नको तिथून पळालेला आणि नंतर कॅन्सरशी लढलेला’ एवढंच माहीत आहे. रकमन होता हेसुद्धा दोघांना ठाऊक नव्हतं! आणि ही मेलबर्नमध्येच जन्मलेली पोरं.

तेव्हा एक करा. ज्या एमसीजीवर अजिंक्य रहाणेनं २०२०च्या बॉक्सिंग डे कसोटीत शतक ठोकलं, त्याच मैदानावरचे १९९१चे मेलबर्नचे सामने यूट्यूबवर शोधा. तुकड्या-तुकड्यांत सापडतात, चित्र धुरकट आहे. लाल-निळ्या जर्सीतला ११ नंबर. हाच नंबर पुढे मॅक्स गॉननं घातला. तोही रकमन, आणि २०२१ला ५७ वर्षांनी विजेतेपद मिळालं तेव्हाचा कर्णधार. तर, चेंडू वर उडाला की चेंडूमागे जाऊ नका, ११ नंबरकडे बघत राहा. थापट मारल्यावर तो कुठे जातो ते बघा. समोरचा रकमन कंबरेवर हात ठेवून उभा राहतो त्या क्षणी हा अर्धं मैदान ओलांडून गेलेला असतो.