पगार शून्य, कमिशन ‘लवकरच’

सॉफ्टवेअर विकायला माणूस नेमताना कंपनी सांगते, ‘फिक्स पगार नाही, पण कमिशन भरपूर!’ भरपूर म्हणजे किती, ते मांडा ना कागदावर. १२ हजारांचं बिलिंग सॉफ्टवेअर, २० टक्क्यांनी २,४०० रुपये. (गिऱ्हाईक १८ टक्के जीएसटीसह १४,१६० मोजतं, पण कमिशन मूळ किमतीवर. ते बरोबरच.) त्यासाठी सांगलीच्या मार्केट यार्डात एकाच हळद व्यापाऱ्याकडे चार खेपा. शेठना डेमो, मग दिवाणजींना तोच डेमो, मग एक्सेलमधली जुनी खाती चढवा, मग प्रिंटरवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन का येतात ते शोधा. शेवटची दोन कामं विक्रीची आहेत का हो? आणि एवढं करून शेठ म्हणणार, ‘पाडव्याला बघू.’ पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय कमिशन नाही. पेट्रोल मात्र आपल्याच खिशातून, रोख.

खरी मेख पुढेच. रिन्यूअल दरवर्षी, कमिशन पहिल्या वर्षापुरतं. डेमो घेतलेल्यानं थेट ऑफिसला फोन लावला की तो ‘आमचा डायरेक्ट कस्टमर’, म्हणजे कमिशन गुल! गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख ईमेलवर नोंदवून त्याच्या कमिशनवर ९० दिवसांचा हक्क लेखी मागा, लगेच ‘एवढा अविश्वास?’ कमिशनवरचा टीडीएस (देतानाच कापला जाणारा आयकर) १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झालाय, तरी कुणी ५ कापतंच. वर कर कापल्याचं प्रमाणपत्र मागायला पुन्हा चार फोन.