जुनी बाटली, ठाण्यातला मे आणि २०१७चा निकाल

नमस्कार. तुमच्या हरकती थोडक्यात अशा: एकाच छोट्या वायनरीच्या २०१७, २०२० आणि २०२२च्या शिराझ (एका काळ्या द्राक्षाची रेड वाइन) चाखताना २०१७ला एका बाटलीवरून ‘संपलेली’ म्हटलं; रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवली; आणि पाऊस चांगला झाला असताना २०२०ला ‘पातळ’ ठरवलं.

पहिली हरकत मान्य. निकाल त्या बाटलीपुरताच होता, तसं लिहायला हवं होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास असता तर बुचाचा दोष म्हणून ती बाजूलाच काढली असती. तो नव्हता. रंगाची कड विटकरी, चव मुरंब्यासारखी आणि बूच किंचित वर आलेलं. ही उष्णतेची खूण. तापल्यावर वाइन प्रसरण पावते, बूच ढकलते. निवताना फटीतून हवा आत ओढली जाते. त्यामुळे दोष सालाचा की कपाटाचा, हे त्या बाटलीवरून सांगताच येत नाही. ठाण्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातला एक मे महिना दोन सालांमधल्या फरकाहून जास्त नुकसान करतो. ‘जुनी तितकी चांगली’ हे तर बहुतेक रेडना लागूच नाही.

फ्रिजबद्दल मात्र असहमत. ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे थंड देशातली खोली, घोडबंदरचा ३२ अंशांचा हॉल नव्हे. रेडला १६ ते १८ अंश हवेत. त्यावर गेली की अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाचा स्वाद दबतो. साधारण तासभर फ्रिज पुरे. रात्रभर राहिली तर वास मिटतो, टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा) जास्तच तुरट लागतं, मग अर्धा तास बाहेर ठेवायची.

२०२०चं म्हणाल तर लेबलवरचं साल तोडणीचं असतं. नाशिककडे गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला अवकाळी याच बाटलीच्या वाट्याला येतो. पाऊस चांगला, पण द्राक्षाला नको तेव्हा. मोठी वायनरी दुसऱ्या प्लॉटचा माल मिसळून सावरते. दोन-तीन प्लॉटवाल्याला ती सोय नाही (आणि म्हणूनच त्याची सालं शेजारी ठेवून चाखण्यात गंमत).

फेरचाचणीत प्रत्येक सालाच्या दोन बाटल्या, बॅच नंबर तपासून. गाळ बसायला एक दिवस उभ्या. कागदात गुंडाळून क्रमांक दुसऱ्यानं घालायचे, ग्लास एकसारखे, ओतायची ५० मिली. २०१७ आयत्या वेळी उघडायची, डिकँटर (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायचं भांडं) नको. जुनी वाइन हवेत पटकन फिकी पडते. दोन्ही बाटल्या मुरंब्याच्याच निघाल्या, तरी त्या एकाच कपाटातल्या नव्हत्या ना, हे आधी विचारा.