दर्यापूरच्या भाऊंना उत्तर: किल्ली, पावती आणि मायबाप

भाऊ, नमस्कार.

बर्लिनमध्ये भाड्याची खोली कशी शोधावी यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही बरंच लिहिलंत आणि रागानं लिहिलंत. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बाबांनाही वाचून दाखवलं, कारण तुमचा तिसरा मुद्दा त्यांच्याबद्दलच आहे.

तुमचा पुतण्या दर्यापूरहूनच पैसे भरून, खोली पक्की करून जर्मनीला गेला आणि विमानतळावरून थेट खोलीवर पोचला. मग 'किल्ली हातात आल्याशिवाय पैसा पाठवू नका' असं लिहून मी पोरांना उगाच घाबरवते, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा की डिपॉझिट तीन हप्त्यांत देता येतं हे कायद्यात असेल, पण हप्ते मागणाऱ्याला तिथं कोणी दारात उभं करत नाही. आणि तिसरा: 'खेड्यातल्या मायबापाला यातलं काय कळते? कागद दाखवून त्यांची झोप कशाला उडवता?'

पहिल्या मुद्द्यात तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं माझ्या लेखात यायला हवं होतं. पुतण्याची खोली विद्यार्थी वसतिगृहातली आहे असं तुम्हीच पुढे लिहिलंय. जर्मनीत विद्यार्थ्यांची खानावळ, वसतिगृहं हे सगळं पाहणाऱ्या सार्वजनिक संस्था आहेत, श्टुडिएरेंडेनवेर्क म्हणतात त्यांना. त्यांच्याकडे नंबर लागला, करार आला, तर इथून पैसे भरायला काहीच हरकत नाही. हा फरक मी वेगळा काढून सांगितला नव्हता. आता लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पण बर्लिनमध्ये या वसतिगृहांची यादी फार लांब असते. पोरगं ऑक्टोबरात पोचतं आणि नंबर पुढच्या वर्षीही लागत नाही. मग ते जाहिराती बघायला लागतं, आणि मी लिहिलं ते या पोरांसाठी. आमच्या नात्यातल्या मुलाचं असंच झालं. फोटोत पांढराशुभ्र सोफा, खिडकीत कुंड्या, आणि त्या वस्तीच्या मानानं भाडं फारच कमी. मालक म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात आहे, घर दाखवायला येऊ शकत नाही. १,२०० युरो डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरनं पाठवतो. विश्वास बसावा म्हणून त्यानं स्वतःच्या पासपोर्टचा फोटोसुद्धा पाठवला. मुलाच्या वडिलांनी भाव वाढेल म्हणून घरात थप्पी लावून ठेवलेला कापूस त्या आठवड्यात विकून टाकला. मुलगा पोचला तेव्हा रस्ता खरा होता, घराचा नंबरही खरा होता. दोन बॅगा खाली ठेवून तो दारावरच्या बेलच्या पाट्या वाचत राहिला. पाच मजल्यांची नावं, वरून खाली, खालून वर. पासपोर्टवरचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

भाऊ, हे एकाच्या नशिबी आलं म्हणून मी सगळ्यांना भीती दाखवते असं तुम्हाला वाटतं. पण ही फसवणूक जुनी आहे, ठरलेल्या साच्याची आहे, आणि ती ओळखता येते. मालक परदेशात, भाडं स्वस्त, घाई फार, किल्ली कुरिअरनं. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर त्या माणसाचा कापूस त्या आठवड्यात विकला गेला नसता.

माझा स्वतःचाही एक अनुभव आहे, तो लेखात टाळला होता. मी गेले तेव्हा पहिली खोली एका भाडेकरूकडून पोटभाड्यानं घेतली. ५०० युरो डिपॉझिट रोख दिले. खोली खरी होती, किल्लीही मिळाली. मग नोंदणीचा कागद मागितला तर तो माणूस हो-नाही करू लागला. नंतर कळलं, त्यानं मूळ मालकाची परवानगीच घेतली नव्हती.

हा कागद म्हणजे काय ते नीट सांगते, कारण आपल्याकडे याला जोड नाही. तिथं राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आनमेल्डुंग म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घर देणाऱ्यानं सही केलेला फॉर्म लागतो. नोंद झाली की करासाठीचा क्रमांक पोस्टानं घरी येतो. कित्येक बँका ही नोंद पाहिल्याशिवाय खातं उघडत नाहीत आणि राहण्याच्या परवान्यालाही ती लागते. माझ्याकडे ती नव्हती. कर क्रमांक नाही म्हणून अर्धवेळ कामाच्या पगारातून सगळ्यात चढ्या दरानं कर कापला गेला. आणि तिथं फ्लॅटला बहुतेक वेळा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं नाव पाहून पत्र टाकतो. माझं नाव पेटीवर लावायला त्या माणसानं मनाई केली होती, त्यामुळे बँकेचं पत्र दोनदा परत गेलं. आमच्या गावात नुसतं 'गुरुजीच्या घरामागची' लिहिलं तरी पत्र घरी येतं, आणि तिथं मी पेटीसमोर उभी असून पत्र परत जात होतं.

तीन महिन्यांनी खोली सोडली. ते ५०० युरो आजपर्यंत आले नाहीत. फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "पावती घेतली व्हती का वं?" नव्हती घेतली. तिथल्या कायद्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, पण पावती घ्यायची असते हे तर मला जन्मापासून ठाऊक होतं. मोठ्या शहरात ते विचारायला संकोच वाटला. त्या संकोचाचीच मला खरी चीड आहे, आणि म्हणूनच मी लिहायला लागले.

यावर एक पळवाट काही पोरं सांगतात, की पैसे देऊन नोंदणीपुरता पत्ता विकत घ्या. तसलं काही करू नका. प्रत्यक्ष न राहता नोंदणीसाठी पत्ता द्यायला तिथं कायद्यानं मनाई आहे, पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणाराही सुटत नाही.

आता हप्त्यांचं. जर्मन नागरी कायद्याच्या कलम ५५१ प्रमाणे डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि तेही मूळ भाड्याच्या. मूळ भाडं म्हणजे काल्टमीटे. त्यात घर गरम करण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा वगैरे खर्च मिळवला की वार्ममीटे. समजा मूळ भाडं ४५० आणि सगळं धरून ६००. तर डिपॉझिट १,३५० च्या वर नाही. १,८०० मागितले तर विचारायचं. आणि ते १,३५० भाडेकरू तीन सारख्या मासिक हप्त्यांत देऊ शकतो, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. मालकाला ती रक्कम स्वतःच्या पैशापासून वेगळी, व्याजावर ठेवावी लागते.

तुम्ही म्हणता, असं बोललं की घर जातं. भाऊ, तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. बर्लिनमध्ये एका घराच्या पाहणीला जिन्यापासून फाटकापर्यंत रांग मी पाहिली आहे, आणि त्या रांगेत हप्त्यांची गोष्ट काढणारा मागे पडतो हे खरं आहे. घरांची चणचण इतकी आहे की २०२१ च्या सप्टेंबरात मोठ्या कंपन्यांची हजारो घरं सार्वजनिक मालकीत घ्यावीत का यावर शहरात मतदान झालं आणि बहुमत 'हो' म्हणालं. (ती घरं अजून घेतली गेलेली नाहीत.) पण हप्त्यांचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही, भाडेकरूच्या तोट्याचं तसं कलम असलं तरी ते गैरलागू ठरतं. म्हणून मी पाहणीच्या वेळी गप्प बसले, करारावर सह्या झाल्यावर दोन ओळींचं नम्र पत्र लिहिलं, आणि मालकिणीनं मान्य केलं. सगळ्यांचं इतकं सहज होईल असा शब्द मी देत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं एकदम द्यावा, पावती घेऊन, खात्यातून.

ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी मात्र या हप्त्यांचा अर्थ आपल्या भागात फार मोठा आहे. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. आपल्याकडे तेव्हा काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सोयाबीन निघालं तर निघालं, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, जेमतेम होते, आणि वेचणीचा पैसा हातात यायला दिवाळीनंतरचे दिवस उजाडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो तिथल्या खात्यात गोठवून ठेवलेले असतात, पण त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. म्हणजे ऑक्टोबरात पहिलं भाडं ६०० दिलं की उरले ३९२. त्यात १,३५० कुठून आणायचे? तीन हप्ते केले तर ४५० ऑक्टोबरात, ४५० नोव्हेंबरात, ४५० डिसेंबरात. पहिल्यासाठी थोडी उसनवारी होते, बाकीचे दोन कापसातून निघतात. नाहीतर बाप सावकाराकडे जातो, आणि ते कर्ज पोरगं परत येईपर्यंत फिटत नाही. तुम्हाला हे कायद्याचं पुस्तक वाटलं, पण मी ते बाबांच्या वहीतून शिकले.

आता तिसरा मुद्दा. मायबापाला काय कळते.

माझी दुसरी खोली रीतसर करारानं मिळाली. किल्ली घेण्याच्या दिवशी मालकीण आली, आणि मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून मोबाईल हातात धरला. ते ओसरीत बसले होते, मागे आईचं धुणं. मी घर दाखवत स्वयंपाकघरात गेले. तिथं काहीच नव्हतं. भिंतीतून पाण्याच्या दोन नळ्यांची तोंडं बाहेर आलेली, एक जाड वायर गुंडाळून टोपण लावलेली, आणि फरशीवर जुन्या कपाटाच्या पायांचे चौकोनी डाग. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, बेसिन सगळं घेऊन गेला होता. तिथं तशी पद्धतच आहे. बाबा म्हणाले, "वटा नाई, मोरी नाई, सयपाक कुठी करशीन वं?" मग थोडं थांबून, "भितीले भोकं किती हायेत ते आत्ताच लिहून घे. जातानी तुयाच डोक्यावर येतीन."

बाबा वावर मक्त्यानं देतात तेव्हा पाडव्याला मक्तेदारासोबत धुऱ्याधुऱ्यानं फिरून झाडं मोजतात, विहिरीवरची मोटर दाखवतात आणि चिठ्ठीवर दोघांची सही घेतात. तिथं याच कामाचा छापील कागद असतो, घर ताब्यात घेतानाचा. त्या दिवशी मी बाबांच्या सांगण्यावरून त्यात सात भोकं लिहिली, बाथरूमची एक तडकलेली फरशी लिहिली, वीज आणि हीटरच्या मीटरचे आकडे लिहिले, फोटो काढले. साडेतीन वर्षांनी घर सोडताना ती तडकलेली फरशी निघालीच. मी कागद पुढे केला. डिपॉझिट पूर्ण परत आलं. त्या देशाची भाषा एक अक्षर न येणाऱ्या माणसामुळे आलं.

सातबारा पाहिल्याशिवाय, चतुःसीमा विचारल्याशिवाय जो माणूस एकरभर जमिनीचा इसार देत नाही, त्याला भाडेकरार कळणार नाही असं कसं म्हणता? त्याला जर्मन येत नाही, एवढंच. त्याच्या भाषेत सांगा: मालक खरा कोण, परवानगी कुणाची, पैसा कशाचा, पावती कुठे, सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं (भाडेकरूसाठी साधारण तीन महिने), वर्षाअखेर गरम करण्याचा हिशोब वाढून आला तर कोण भरणार. या प्रश्नांवर बाबा माझ्याआधी बोट ठेवतात. आणि झोप कागद दाखवल्यानं उडत नाही, भाऊ. आमच्या त्या नातेवाइकाची झोप उडाली ती पैसा गेल्यावर, तोवर मुलानं त्यांना एक कागद दाखवला नव्हता, 'तुम्हाला नाही समजणार' म्हणून.

शेवटी तुम्ही लिहिलंय की यंदा तुमची मुलगीही बर्लिनला जाते आहे. प्रवेशाचं पत्र हाती आलं त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज टाकायला सांगा. नंबर नाही लागला तर पहिले एक-दोन महिने नोंदणी करून देणारी सुसज्ज खोली घ्यावी. महाग पडेल, पण त्या काळात तिला पायानं फिरून घरं पाहता येतील. एखादी जाहिरात आवडली आणि शंका आली तर मला पाठवा, नावं झाकून पाठवली तरी चालेल. मी आणि बाबा दोघंही वाचू. करार आला की तो आधी तुम्ही वाचा, तिच्याकडून ओळीओळीनं अर्थ विचारून घ्या, आणि जे पटणार नाही त्यावर खूण करून मग मला पाठवा.