म्हैसाळच्या नावाने फिरणारा मेसेज

सांगली, मिरज, कराड भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: "म्हैसाळ विसरू नका. गर्भपात म्हणजे स्त्रीभ्रूणहत्याच. सरकारने तर २४ आठवड्यांपर्यंत मोकळं रान दिलंय. गर्भात जीव असतो, तिथे चर्चा संपली. कायदा रद्द करा, मुली वाचतील." सोबत अंगठा चोखणाऱ्या गुटगुटीत बाळाचा फोटो आणि खाली 'सात आठवडे' असं लिहिलेलं. पाठवणाऱ्या बहुतेकांना मुलींची खरंच कळकळ असते. म्हणून मेसेज हसण्यावारी न नेता एकेक वाक्य तपासलेलं बरं.

"म्हैसाळ हा या कायद्याचाच परिणाम."

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये गर्भपात करताना एका विवाहितेचा जीव गेला आणि तपासात १९ भ्रूण सापडले. आरोपी डॉक्टरची पदवी होमिओपॅथीची होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात होमिओपॅथी डॉक्टरला गर्भपात करायची परवानगीच नाही. तिथे स्त्रीरोगाचं पदव्युत्तर शिक्षण किंवा ठरवून दिलेला अनुभव लागतो. फक्त १२ आठवड्यांपर्यंतचे गर्भपात करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरलाही मान्य रुग्णालयात २५ केसेसना हाताखाली राहावं लागतं, त्यातल्या किमान ५ स्वतः कराव्या लागतात. खासगी जागेला जिल्हा समितीची मान्यता लागते. यातलं काही नसताना गर्भपात केला, तर किमान २ आणि कमाल ७ वर्षं सक्तमजुरी आहे. लिंग तपासून सांगणं हा तर त्याहून वेगळा, १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखालचा गुन्हा. जो कायदा मोडून म्हैसाळ घडलं, तोच रद्द केला की म्हैसाळं थांबतील, हा तर्क उलटा आहे.

"गर्भपात म्हणजे स्त्रीभ्रूणहत्याच."

आपल्याकडे बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे खात्रीने दिसायला साधारण १२ ते १४ आठवडे उलटावे लागतात. सातव्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या बाईला पोटात काय आहे हे माहीतच नसतं. कॉपर-टी असताना दिवस गेलेत, धाकटं पोर अजून अंगावर पितंय किंवा नवरा दारू पिऊन मारतोय, अशी तिची कारणं असतात. इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए तपासणारी चाचणी सोनोग्राफीच्या आधीही लिंग सांगू शकते. म्हणूनच तीही लिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते आणि लक्ष ठेवायला हवं ते तिथे.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात ८६७ मुली होत्या, साताऱ्यात ८९५, केरळात ९६४. गर्भपाताचा कायदा तिन्हीकडे एकच. मुली त्याने घटत असत्या, तर केरळातही घटल्या असत्या. सांगलीत घटल्या कारण इथे घरोघर मुलगा हवा होता, हातात पैसा होता, सोनोग्राफी सेंटर जवळ होतं आणि मशिनवाला तोंड उघडायला तयार होता.

"२४ आठवड्यांपर्यंत मोकळं रान."

मोकळं रान कुणालाच नाही. २०२१ ची दुरुस्ती झाल्यावरही २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठीच: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही असं सांगितलं. २४ आठवड्यांनंतर गर्भात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तेव्हा मात्र आठवड्यांची अट नाही. या चौकटीबाहेरचा गर्भपात आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गुन्हा आहे.

आठवडे मोजण्यात घरोघरी घोळ होतो. मोजणी संबंधाच्या दिवसापासून होत नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. पाळी चुकली असं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे भरलेले असतात.

फोटोबद्दल फार बोलायला नको. सात आठवड्यांचा गर्भ जेमतेम एक सेंटिमीटर असतो. फोटोतलं बाळ कित्येक महिन्यांचं आहे.

"गर्भात जीव असतो, तिथे चर्चा संपली."

गर्भ जिवंत असतो, हे कुणी नाकारत नाही. खरा वाद पुढे आहे: त्या जिवाचा हक्क एवढा मोठा आहे का, की ज्या देहात तो वाढतोय त्या बाईवर नऊ महिने सक्ती करावी? गर्भधारणेच्या क्षणापासून पूर्ण माणसाचा हक्क मानणारे लोक आहेत आणि ती भूमिका प्रामाणिक असू शकते. पण ती घेतली तर शेवटपर्यंत पाळावी लागते. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा त्यात काय दोष? तरी हाच मेसेज पाठवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "ती केस वेगळी." म्हणजे बाईचं दुःख एका पारड्यात टाकायला तो तयार आहे. मग चर्चा संपली कुठे? आता वाद कुठल्या दुःखाचं वजन किती, एवढ्याचाच उरला.

अवघड प्रश्न दुसऱ्या बाजूलाही आहे आणि आपल्या जिल्ह्यांत तो टाळता येत नाही. निर्णय बाईचा असं म्हणायचं, तर मुलगी नको म्हणून तिने घेतलेला निर्णयही तिचाच का मानायचा नाही? यावर कायद्याने काढलेली वाट विचार करण्याजोगी आहे. तो बाईच्या मनातलं कारण खोदत बसत नाही, चाचणीवर बोट ठेवतो. लिंग सांगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद असलेला 'एफ' फॉर्म भरून जपून ठेवायची सक्ती. बाईवर मात्र नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली असंच न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. पहिली मुलगी झालेल्या घरात दुसऱ्या वेळी सोनोग्राफीला कोण घेऊन जातं आणि पैसे कोण मोजतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे गृहीतक फाजील वाटणार नाही. पण एखादी स्वतःहून, कुणाच्याही दबावाशिवाय तसं ठरवते तेव्हा काय म्हणायचं, हा पेच यानेही पूर्ण सुटत नाही. तो सुटला असं भासवणारे आमच्या बाजूचे लोकही चुकतात.

"कायदा रद्द करा, थांबेल."

रोमानियाने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, मग पुन्हा घसरले. चढले ते चोरून केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या आयांचे आकडे. डिसेंबर १९८९ मध्ये बंदी उठली आणि ते झपाट्याने खाली आले. आपला कायदाही असल्याच मृत्यूंमुळे आला. १९६४ च्या शांतीलाल शहा समितीसमोर प्रश्न होता तो काड्या घालून, जडीबुटी घेऊन मरणाऱ्या बायकांचा.

बंदी नसतानाही धाकाने काय होतं, ते बघा. धाडींच्या भीतीने बरेच मेडिकलवाले गर्भपाताच्या गोळ्या ठेवायचंच टाळतात. नियमाने या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या. त्या वेळी सोनोग्राफीत लिंग कळत नाही, तेव्हा गोळ्या दडवून मुलगी वाचत नाही. अडलेली बाई मात्र कुणाकडून तरी जास्त पैसे मोजून पाकीट आणते आणि तपासणी राहून जाते. गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहिला असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे कुणी बघत नाही. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर नेहमीचा रक्तस्रावही महागात पडतो. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. रक्त थांबलं म्हणजे पिशवी साफ झाली असंही नाही. दोन आठवड्यांनी परत दाखवावं लागतं.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत आणखी एक ओळ असते: "नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात बेकायदेशीर." हे साफ खोटं आहे, पण काही दवाखान्यांच्या काउंटरवरही हेच ऐकवतात. संमतीचा फॉर्म 'सी' असतो. त्यात बाईचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पत्ता, गर्भपात कुठे होणार ते ठिकाण, तारीख आणि तिची सही एवढंच येतं. पालकाची सही १८ वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठीच लागते. नवऱ्याची सही, सासूची सही, लग्नाचा दाखला कायद्याने मागितलेला नाही. तिचं नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सही मागून कुणी अडवलं तर कलम ३(४) दाखवावं. तरी अडवलं तर सांगली सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठावं. सरकारी ठिकाणाला वेगळ्या मान्यतेची गरज नसते. खासगीत जायचं तर मान्यतेचं 'बी' प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावलेलं असायला हवं. ते दिसलं नाही तर तिथे थांबू नये.