पाटीवर काय लिहिलंय?

आझाद मैदानात अंगणवाडी सेविकांच्या धरण्याला गेले होते, तेव्हाचा एक प्रसंग अजून मनातून जात नाही. पन्नाशीच्या एक बाई पुठ्ठ्याची पाटी घेऊन बसल्या होत्या. ‘मानधन नको, वेतन द्या’. अक्षरं मार्करने गिरवून जाड केलेली, आणि जागा न उरल्यामुळे शेवटचं ‘द्या’ कोपऱ्यात चेपून बसवलेलं. एक तरुण आला. “काकू, एक मिनिट हं,” म्हणत त्याने पाटी घेतली, त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं आणि मोबाइलसमोर मूठ उगारून घोषणा दिली. मनासारखी होईना, म्हणून तीनदा दिली. मग पाटी परत करून निघून गेला. मानधन आणि वेतन यात फरक काय, हे त्याने विचारलंच नाही.

अहो, तो फरक म्हणजेच तर सगळं आंदोलन! मानधन म्हटलं की ती बाई स्वयंसेविका ठरते. वेतन म्हटलं की कर्मचारी, आणि मग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन हे सगळं हक्काने मागता येतं. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं. तरीही आपल्या राज्यातल्या सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस संपावर राहावं लागलं.

प्रसिद्धीला माझा विरोध नाही. कोणाला दिसलंच नाही तर आंदोलन करायचं कशाला? १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या सगळ्यांना दिसावं म्हणूनच. पण हातातलं लाटणं बघताच मागणी कळत होती. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडल्या म्हणून मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिलं. ते त्यांनी स्वतःला लावून घेतलं नव्हतं.

त्या तरुणावर मी चिडले खरी, पण मार्च २०१८ मध्ये मीही तेच केलं होतं. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईत आले. दहावीची परीक्षा चालू होती, मुलांची अडचण नको म्हणून ते सोमय्या मैदानातून रात्रीच निघाले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. थकलेली माणसं दुसऱ्यांच्या लेकरांसाठी रात्रभर चालली, हे आठवलं की आजही गळा दाटून येतो. सकाळी मी पाणी आणि बिस्किटं घेऊन गेले. एका आजींच्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती, चप्पल सुतळीने बांधलेली. त्या पायांचा फोटो मी टाकला. मनापासून टाकला. दिवसभर लाइक येत राहिले.

आजी कशासाठी चालल्या होत्या, ते मला कळायला वर्ष गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकरी पुन्हा नाशिकहून निघाले, तेव्हा कुठे मी वाचायला बसले. २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, त्याच्या नावावर करायची. बस, एवढंच. २०१८ ला लेखी आश्वासन मिळालं, २०१९ ला पुन्हा आश्वासन. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदपर्यंत आला तो याही मागणीसाठी. आणि माझ्या त्या पोस्टमध्ये ‘जमीन’ हा शब्दच नव्हता.

म्हणून हात जोडून सांगते, फोटो जरूर टाका, स्वतःचाही टाका, पण मागणी एका ओळीत लिहा. आश्वासन मिळालं तर त्याची तारीख लिहून ठेवा. आणि सहा महिन्यांनी, बातमी कुठेच उरलेली नसेल तेव्हा, त्याच पोस्टखाली पुढे काय झालं ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला लाइक मिळत नाहीत. पण मोर्चाहून घरी परतलेल्या माणसाला त्याचीच गरज असते.

त्या दिवशी तो तरुण गेल्यावर मी बाईंशेजारी बसले. त्यांनी विचारलं, “ताई, त्या पोराच्या व्हिडिओत पाटी नीट दिसेल का हो?” मला उत्तर देता येईना. मग मीच त्यांचा पाटीसकट फोटो काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटांनी फोटो मोठा करून तो कोपरा शोधला.

“दिसतंय,” म्हणाल्या, “‘द्या’ दिसतंय.”